एएस रिपोर्ट आहे, म्हणून सायकल बंद?

सिकलसेलचा 'एएस' रिपोर्ट हातात पडला की आपल्या घरांत दोन प्रकारचे बोलणे सुरू होते. एक म्हणतो, "एएस म्हणजे काहीच नाही, कागद ठेवून दे पेटीत." दुसरा म्हणतो, "आता पोरीची सायकल बंद, कबड्डी बंद, पळणे बंद." आम्ही जीएनएम करून वर्षानुवर्षे वॉर्डात ड्युट्या केलेल्या आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या बाया आहोत. आमचे स्पष्ट मत आहे की ही दोन्ही बोलणी चुकीची आहेत. पहिल्यामुळे एखाद्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. दुसऱ्यामुळे शेकडो मुलींचे पाय घरातच बांधले जातात.

हे आत्ताच लिहायचे कारण सायकल आहे. थंडी पडली की डोंगर-जंगलातल्या मुरमाच्या रस्त्यांवर सायकल सफरी निघू लागतात. आपल्या वस्त्यांतली मुलेमुलीही त्यात नाव देऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अशाच एका सफरीच्या फॉर्मवर आम्ही एक अट वाचली. सिकलसेल 'निगेटिव्ह' असल्याचा कागद जोडा, एएस असलेल्यांनी नाव देऊ नये. विदर्भात आदिवासी समाजांबरोबर आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. म्हणजे अशा अटीने कोणाची मुले बाहेर राहतील, ते वेगळे सांगायला नको.

आम्ही त्या सफरीत गेलो नाही. आमच्या मुलामुलींना घेऊन डिसेंबरमध्ये स्वतःच मेळघाटात एक दिवस सायकल चालवून आलो. त्या दिवसाने आम्हाला जे दाखवले, त्यावरून हे लिहीत आहोत.

सायकल आपलीच, रस्ताही आपलाच

गिट्टी-मुरमाच्या रस्त्यावर लांबचा पल्ला मारणे हा आता जगभर एक खेळ झाला आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाहून अशा रस्त्यांवर २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत निघते. ती २००६ साली सुरू झाली. या खेळासाठी खास सायकली निघाल्या आहेत आणि चांगलीची किंमत लाखात जाते. तिचे टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. आता आपल्या दूधवाल्याची २८ इंची काळी सायकल बघा. तिचे टायर दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. पांदण रस्त्यांवर जे टायर आपले बाप-आजे वापरत आले, जवळपास तेच आज शहरात नवलाई म्हणून विकले जाते. फरक वजनाचा आणि गिअरचा आहे.

आम्ही चौदा जण होतो, त्यात नऊ मुली-बाया. काही सायकली गिअरच्या, उसन्या आणलेल्या. दोन मुलींकडे शाळेत मानव विकासमधून मिळालेल्या साध्या सायकली होत्या. आमच्यातल्या दोघींनी उपकेंद्राच्या नोकरीत असल्याच रस्त्यांवर लसीचा डबा कॅरिअरला बांधून सायकल चालवलेली आहे. तेव्हा त्याला कोणी खेळ म्हणत नव्हते.

उतार आधी, चढ नंतर

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, सातपुड्याच्या गाविलगड डोंगरात आहे. पठारावरून निघणाऱ्या सफरीची गोम अशी की सकाळी ताज्या पायांना उतार मिळतो आणि दुपारी थकल्या पायांना चढ. ठरलेले अंतर ४६ किलोमीटर होते. डांबरी सडकेवर आमची मुले एवढे अंतर सकाळच्या प्रहरात मारतात. इथे अख्खा दिवस गेला.

साडेसातला निघालो तेव्हा बोटे गारठली होती, ब्रेक दाबता येत नव्हता. दोन्ही बाजूंना साग, मध्ये बांबूची बेटे, रस्ता लाल मुरमाचा आणि वळणावळणाला सुटी गिट्टी. उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकते, म्हणून सीटच्या मागे बसून, मागचा ब्रेक थोडा थोडा सोडत उतरावे लागते. पहिल्या तासात दोघे पडले. खरचटण्यावर भागले. खाली कोरकूंची गावे लागली, समोरासमोर दोन ओळींत बांधलेली घरे आणि मध्ये सरळ रस्ता. एका गावात हापशीवर पाणी भरले आणि तिथल्या आशाताईंशी बोललो. "इथेही एएसच्या पोरी आहेत," त्या म्हणाल्या, "पण त्या रोज डोंगर चढून लाकडं आणतात, त्यांना कोणी फॉर्म नाही मागत."

ऊन वर आले आणि चढ सुरू झाले. सुट्या गिट्टीवरचा चढ डांबरी घाटासारखा नसतो, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. डांबरावर एक लय धरता येते. गिट्टीवर सायकल थांबते, मागचे चाक जागीच फिरते आणि प्रत्येक पायडल नव्याने सुरुवात केल्यासारखा मारावा लागतो. दहा-वीस सेकंद जीव तोडून जोर, मग थोडे सैल, पुन्हा जोर. अंगाला ही मेहनत संथ चालीची नसते. एकामागून एक पळण्याच्या शर्यती लावल्यासारखी ती असते. एएस असलेल्याने जपायचे ते नेमके इथेच.

रक्तात काय होते

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. 'एसएस' म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलचा गुण आलेला. त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, दुखण्याचे झटके येतात, रक्त कमी होते. हा आजार आहे, त्याला नियमित औषधोपचार लागतात. अशा मुलाला असल्या खडतर सफरीवर नेऊ नये. डॉक्टरांना विचारून घराजवळ हळूहळू सायकल चालवणे वेगळे.

'एएस' म्हणजे गुण एकाच पालकाकडून आलेला. तो वाहक, रोगी नव्हे. रोजच्या जगण्यात त्याच्या पेशी गोलच राहतात. उलट, जीवघेण्या मलेरियापासून लहानपणी त्याला काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात हा गुण पिढ्यान् पिढ्या टिकला.

पण चार गोष्टी एकदम जुळून आल्या तर वाहकाच्याही काही पेशी वाकू शकतात. अंगातले पाणी कमी होणे, उष्णता, सरावाशिवाय एकदम जीव तोडून केलेली मेहनत, आणि थकल्यावर विश्रांती न घेणे. अशा वेळी स्नायूंना रक्त कमी पडते, स्नायू तुटू लागतात, त्यातला कचरा मूत्रपिंडात जाऊन बसतो. हे क्वचित घडते, पण घडले तर जीवावर बेतू शकते. आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना कोणी सांगते. एएस असलेल्या अनेकांचे मूत्रपिंड लघवी नीट घट्ट करू शकत नाही, त्यामुळे अंगातले पाणी लवकर उतरते. सायकलवर तर वाऱ्याने घाम वाळतो आणि किती घाम गेला ते कळतच नाही.

तिसऱ्या चढावर

आमच्या चौदा जणांत एएस असलेले तिघे होते. हे त्यांनी स्वतः आम्हा नर्सबायांना सांगितले होते, बाकी कोणाला माहीत नव्हते. निघण्याआधी नियम सगळ्यांना सारखेच सांगितले. चढावर शर्यत लावायची नाही. दम लागण्याआधी उतरून सायकल ढकलायची. दर अर्ध्या तासाला पाणी. आणि जो थांबला त्याला 'चल' म्हणायचे नाही.

दुपारी दीडच्या सुमारास, तिसऱ्या चढावर, बारावीतली एक मुलगी थांबली. सायकल आडवी टाकून सागाच्या सावलीत बसली. "ताई, दम नाही लागला," ती म्हणाली, "पायच चालून नाही राहिले." पुढे गेलेला एक मुलगा सवयीने ओरडलाच, "अबे, थोडंच राहिलं, चाल ना!" त्याला आम्ही तिथेच गप्प केले. तिची नाडी पाहिली, पोटऱ्या दाबून पाहिल्या. पोटऱ्या मऊ होत्या, गोळा आलेला नव्हता. बोलणे शुद्धीत होते. पाय सैल करून बसवले, मानेवर-डोक्यावर ओला रुमाल ठेवला, ओआरएसचे पाणी घोट घोट दिले. दहा मिनिटांत ती हसायला लागली, अर्ध्या तासाने उठून चालली. तरी त्या दिवशी तिला पुन्हा सायकलवर बसू दिले नाही. मागून येणाऱ्या पिकअपमध्ये ती वर आली. रात्री आणि दुसऱ्या सकाळी लघवीचा रंग विचारला. स्वच्छ होता.

ती एएस आहे. हे तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने, नाव न देता लिहीत आहोत. तिचे पाय सिकलमुळेच गेले असे आम्ही म्हणत नाही. तसे सांगायला वेळीच रक्ताच्या तपासण्या व्हाव्या लागतात. पण थांबण्यासाठी कारण सिद्ध व्हावे लागत नाही.

आता दुसरा किस्सा. त्याच चढाच्या माथ्यावर जिममध्ये जाणारा आमचा एक दणकट मुलगा आडवा झाला. त्याचा रिपोर्ट 'एए', अगदी नॉर्मल. सकाळी पोहे नको म्हणाला होता, बाटली भरलेली तशीच होती, आणि नियम मोडून चढावर सगळ्यांच्या पुढे गेला होता. पोटऱ्या दगडासारख्या घट्ट, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी. त्याला दोघांनी धरून गाडीत बसवावे लागले. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. एएस असलेल्या बाकी दोघींनी ४६ किलोमीटर पूर्ण केले. त्यांनी जवळजवळ प्रत्येक चढ पायी चढला.

फॉर्मवरची ती अट लावली असती तर? तिघी घरी बसल्या असत्या आणि हा मुलगा सगळ्यांत आधी निवडला गेला असता. रिपोर्टने त्या दिवशी कोणालाच वाचवले नाही. सावली, पाणी आणि थांबू देण्याची मोकळीक यांनी वाचवले.

अमेरिकेच्या सैन्याने काय शिकले

ही फक्त आमच्या एका दिवसाची गोष्ट असती तर एवढे जोर देऊन लिहिले नसते. १९८७ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी सैन्यातल्या नव्या भरतीची आकडेवारी छापली. प्रशिक्षणात अचानक मरण पावणाऱ्या काळ्या तरुणांमध्ये सिकलचे वाहक कितीतरी पटीने जास्त आढळले. त्यानंतर सैन्यात उष्णता आणि मेहनतीबाबत सगळ्याच सैनिकांसाठी नियम आले. किती ऊन असताना किती काम, किती पाणी, किती विश्रांती. २०१६ साली दुसरा अभ्यास आला, २०११ ते २०१४ या काळातल्या जवळपास ४८ हजार काळ्या सैनिकांचा. त्यात वाहकांच्या मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त निघाला नाही. स्नायू तुटण्याचा धोका मात्र दीडपट होता.

म्हणजे वाहकाचा धोका खोटा नाही. पण वाहकाला बाहेर न काढता सगळ्यांसाठी चांगले नियम पाळले, तर जीव वाचतात.

तिथल्या कॉलेजांच्या खेळातही हाच वाद झाला. एक खेळाडू सरावानंतर दगावला, त्याच्या घरच्यांनी दावा लावला, आणि २०१० पासून वरच्या गटातल्या खेळाडूंची सिकल तपासणी सुरू झाली. रक्ताच्या डॉक्टरांच्या तिथल्या मोठ्या संघटनेने खेळण्याआधीच्या सक्तीच्या तपासणीला विरोध केला. त्यांचे म्हणणे, काळजी सगळ्यांची घ्या, रिपोर्टवरून कोणाला वेगळे पाडू नका. आम्हाला यातले दोन्ही थोडे थोडे पटते. तपासणी हवीच, कारण स्वतःचे रक्त स्वतःला माहीत असावे आणि लग्नाच्या वेळीही ते कामी येते. दोघेही एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पण तो कागद मुलीच्या खिशात असावा, आयोजकाच्या गेटवर नको. 'एएस' शब्द वस्तीत फुटला की मुलीच्या सोयरिकी कशा मोडतात, हे आपण सगळे पाहतो. तोच कागद सफरीच्या गेटवर मागितला, तर मुली एक तर येणार नाहीत, नाही तर लपवून येतील. लपवून आलेली मुलगी चढावर पाय गेले तरी सांगणार नाही. सगळ्यांत मोठा धोका तोच आहे.

निघण्याआधी एवढे करा

१. रिपोर्ट एए असो की एएस, आठवडाभर आधी एकदम जोर लावू नका. महिनाभर थोडे थोडे अंतर आणि चढ वाढवा.

२. ताप, हगवण, उलटी झाली असेल किंवा रात्री झोप झाली नसेल, तर त्या दिवशी जाऊ नका.

३. उपाशी निघू नका. पोहे, भाकर, उकडलेले अंडे, जे जमेल ते खा. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा.

४. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. नुसते साधे पाणी ढोसणेही बरे नाही. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

५. अंग दुखते म्हणून निघताना किंवा वाटेत दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला मारक ठरतात.

६. पाय एकदम जड पडणे, कमरेत-मांडीत दुखणे, उभे न राहवणे ही थांबण्याची खूण. लगेच थांबा, सावलीत बसा. काही मिनिटांत बरे वाटले नाही, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा. नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टरांना आधी सांगा, "एएस आहे, मेहनतीत पडला." मूत्रपिंड, पोटॅशियम आणि स्नायूंच्या तपासणीबद्दल विचारा.

७. जंगलात अनेक ठिकाणी फोन लागत नाही. मागे एक गाडी ठेवा आणि जवळचा दवाखाना आधीच ठरवा. आम्ही चिखलदऱ्याचे ग्रामीण रुग्णालय आणि त्यापुढे अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय ठरवले होते.

८. चिखलदऱ्याच्या उंचीने एएस असलेल्याला अपाय होत नाही. लडाखच्या खिंडी पाच हजार मीटरच्या वर जातात. तितक्या उंचीवर वाहकाच्याही प्लीहेला त्रास होऊ शकतो. तिथे जायचे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आमचे मागणे

सफरी काढणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की फॉर्मवरची ती अट काढा. तिच्या जागी लिहा, प्रत्येक चढाखाली पाणी आहे, मागे गाडी आहे, पायी चढणाऱ्याला कमी लेखले जाणार नाही. मग एएसची मुलगीही येईल आणि बिनधास्त सांगेल.

सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय मिशन सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य, आणि त्याचा भर आदिवासी भागांवर आहे. तो हवाच. पण विदर्भातल्या आपल्या वस्त्याही त्याच नेटाने तपासल्या पाहिजेत. नुसते कार्ड हातात देऊन भागणार नाही. एएसचा अर्थ काय, कोणते काम बिनधास्त करायचे, कुठे थांबायचे, हे दहा मिनिटे बसून सांगणारी सिस्टर त्या टेबलावर हवी.

आणि आयांनो, बापांनो, तुम्हाला एक सांगायचे. सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटीची तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर एए, एएस की एसएस ते नक्की करणारी पुढची तपासणी करून घ्या, अर्धवट सोडू नका. एएस निघाला तर मुलीला जवळ बसवून वरचे आठ मुद्दे वाचून दाखवा. मग तिच्या सायकलचे ब्रेक घट्ट करा, दोन बाटल्यांची सोय करा आणि तिला जाऊ द्या.